शेतातली वाट बांधावर न्यायची आहे? जुनी बंद करण्याआधी हे वाचा

रब्बीची ज्वारी निघाली आणि राने मोकळी झाली की बीड जिल्ह्यातून एक प्रश्न हमखास विचारला जातो. तो दोन्ही बाजूंनी येतो. एक शेतकरी म्हणतात, "माझ्या गटाच्या मधोमध पायवाट आहे. ठिबक अंथरता येत नाही, पाळी घालता येत नाही, कपाशी तुडवली जाते. ही वाट बांधावर सरकवली तर चालेल का?" दुसरे म्हणतात, "आजोबांच्या काळापासूनची आमची वाट शेजाऱ्याने नांगरून टाकली. म्हणतो, बांधावरून जा. बांधावर बाभळी आहेत, खाली ओढा आहे. आता आम्ही काय करायचं?"

दोघांचीही अडचण खरी आहे, आणि वाट हलवण्याला कायद्यात मार्गही आहेत. बहुतेक भांडणे वाट हलवल्यामुळे होत नाहीत. क्रम चुकल्यामुळे होतात. आधी नवी वाट जमिनीवर चालती करायची, मग तिची कागदावर नोंद करायची आणि जुनी सगळ्यात शेवटी बंद करायची. हा क्रम उलटा केला की बाजू कितीही खरी असली तरी तहसीलदारांपुढे तुम्ही 'रस्ता अडवणारे' ठरता.

पहिला प्रश्न : तुमची वाट कोणत्या जातीची?

गावात सगळ्यांनाच आपण 'रस्ता' म्हणतो. महसुली कागदांवर मात्र त्यांचे वेगवेगळे प्रकार आहेत आणि प्रकारानुसार वाट हलवण्याचा अधिकार बदलतो. म्हणून अर्ज लिहिण्याआधी भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयातून गावनकाशाची नक्कल काढा आणि तुमच्या गटावर बोट ठेवून पाहा.

- दुहेरी तुटक रेषा : हा गाडीमार्ग. तो ज्या सर्व्हे नंबरांमधून जातो, तिथे त्याचे क्षेत्र पोटखराब म्हणून धरलेले असते. रुंदी साधारण १६.५ ते २१ फूट.
- एकेरी तुटक रेषा : हा पायमार्ग, म्हणजे पायवाट. रुंदी ८.२५ फूट.
- दोन गावांच्या शिवेवरून जाणारा : हा शिवरस्ता. याच्या बाबतीत दोन्ही गावांचे नकाशे काढावे लागतात. एका गावच्या नकाशावर निर्णय करू नका.
- नकाशावर काहीच नाही, पण लोक पिढ्यान्‌पिढ्या जातात : ही वहिवाट. बीडमधल्या बहुतेक तंट्यांचे मूळ इथे असते.

नकाशावर नाही म्हणून वाटच नाही, असे समजू नका. शेतावर जाण्याच्या पायवाटा आणि गाडीवाटा मूळ मोजणीत पुष्कळदा दाखवल्याच गेल्या नाहीत. त्यांचा निर्णय पुराव्यावर होतो. उलट, नकाशावर असलेली वाट आज झाडाझुडपांत बुजली म्हणून ती संपली, असेही होत नाही.

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्यामुळे जुने दप्तर उर्दूत किंवा मोडीत सापडू शकते. तहसीलच्या अभिलेख कक्षात खासरा पाहणीच्या नकला, एकत्रीकरण झाले असेल तर गट स्कीमचा नकाशा आणि जुन्या सर्व्हे नंबरांची टिपणे मागा. सर्व्हे नंबर मोडून गट पडले तेव्हा काही वाटा दोन नव्या गटांच्या मध्ये सापडल्या, काही थेट एका गटाच्या पोटात गेल्या. वाट 'मधोमध' कशी आली, याचे उत्तर अनेकदा तिथेच मिळते. कार्यालयात नक्कल मिळण्यात टोलवाटोलवी झाली तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

वाटेत किती जमीन जाते?

बोलणी सुरू होण्याआधी हा हिशेब दोन्ही बाजूंनी कागदावर मांडावा. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. पायवाट ८.२५ फूट रुंद धरली तर १३२ फूट लांबीला बरोबर एक गुंठा जातो. ६६० फूट लांबीची पायवाट म्हणजे पाच गुंठे. गाडीमार्ग १६.५ फुटांचा असेल तर ६६ फुटांनाच गुंठा भरतो. मोजणीची साखळी ३३ फुटांची असते, म्हणून हे आकडे असे नेमके जुळतात.

वाट बांधावर नेली तर हीच रुंदी दोन्ही शेजाऱ्यांत अर्धी अर्धी वाटता येते. म्हणजे आज एकट्याच्या पोटातून पाच गुंठे जात असतील, तर उद्या दोघांचे अडीच अडीच जातील. शेजाऱ्याला हा हिशेब आधीच दाखवा. "तुमचं काही जात नाही" असे सांगून सही घेतलेली वाट पुढच्या नांगरटीलाच पुन्हा अरुंद होते.

सगळे राजी असतील तर

वहिवाट खासगी असेल, म्हणजे ठरावीक शेतकरीच ती वापरत असतील, तर सर्वात टिकाऊ मार्ग संमतीचा. तोही तोंडी नको.

१. वापरणाऱ्यांची पूर्ण यादी करा. पलीकडच्या शेवटच्या गटापर्यंत कोण कोण या वाटेने जाते, ते लिहा. यात बटईदार आणि शेतात वस्ती करून राहणारी घरेही आली. एखादे कुटुंब सुटले तर तेच उद्या वादी म्हणून उभे राहते.

२. सातबारावरची सगळी नावे पाहा. वारसनोंदीने बहिणींची, आईची, काकांची नावे लागलेली असतात. थोरल्या भावाची एकट्याची सही पुरेशी नाही. बहीण सासरी पुण्याला असली तरी तिची सही लागते.

३. नवी वाट प्रत्यक्ष आखा. दोरी धरून, चुना टाकून, दोन्ही टोके आणि वळणे दाखवून. शक्य असेल तर मोजणी करून घ्या आणि 'क' प्रतीवर वाट दाखवा. बांधच वादात असेल तर मोजणीला पर्याय नाही.

४. दस्त नोंदणीकृत करा. ५०० रुपयांच्या बाँडवर नोटरी करून काम भागले, असा समज सर्वत्र आहे. शेजाऱ्याने उद्या जमीन विकली तर खरेदीदार तो कागद मानेलच असे नाही. स्थावर मिळकतीतला हक्क देणारा किंवा सोडणारा दस्त दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेलाच हवा.

५. सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यात नोंद घ्या. दस्ताची प्रत जोडून ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे तलाठी) फेरफारासाठी अर्ज करा. नोटिशीनंतर हरकतीसाठी १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. नोंद ज्या ज्या गटातून नवी वाट जाते त्या प्रत्येक गटाच्या सातबारावर हवी.

राज्य शासनाने २२ मे २०२५ च्या निर्णयात शेतरस्ते किमान ३ ते ४ मीटर रुंद असावेत आणि त्यांची सातबाराच्या इतर हक्कात नोंद व्हावी, असे म्हटले आहे. त्याचा आधार अर्जात जरूर द्या. आज बैल आणि माणूस जाण्याइतकी वाट पुरेशी वाटते. पण ट्रॅक्टरची ट्रॉली, मळणीयंत्र, ऊस वाहणारी गाडी यांना ती पुरत नाही. वाट हलवतच आहात तर पुढच्या पिढीपुरती रुंद ठेवा.

दस्तात या गोष्टी स्पष्ट लिहा :

- जुन्या वाटेचे वर्णन : कोणत्या गटातून, कुठून कुठपर्यंत, किती रुंद
- नव्या वाटेचे तसेच वर्णन, चतुःसीमेसह, सोबत नकाशा
- कोण वापरणार आणि कशासाठी : पायी, बैलगाडी, ट्रॅक्टर, पाइपलाइन (पाइपलाइनचा हक्क वेगळा असतो, रस्ता दिला म्हणजे पाइप टाकायला दिला असे होत नाही)
- मुरूम, नळकांडी, बाभळी तोडणे यांचा खर्च कोणाचा
- जुनी वाट कोणत्या तारखेला बंद होणार. ही तारीख नवी वाट एका पावसाळ्यात वापरून पाहिल्यानंतरचीच ठेवा
- वारस आणि पुढचे खरेदीदार यांच्यावरही दस्त बंधनकारक

पावसाळ्याची अट मी आग्रहाने सांगते आहे. गेवराई-माजलगावच्या गोदाकाठच्या काळ्या रानात एप्रिलमध्ये पक्की वाटणारी बांधावरची वाट श्रावणात गुडघाभर चिखल होते. पाटोदा-आष्टीच्या माळरानावर तोच प्रश्न ओढ्याच्या लोंढ्याचा असतो. डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली बाई, शाळेचे दप्तर पाठीवर असलेले पोर आणि बाजेवर न्यावा लागणारा रुग्ण, या तिघांना भर पावसात जाता आले तरच नवी वाट जुनीची जागा घेते. तोवर जुनी उघडी राहू द्या.

जमिनीची पट्टी विकत घेऊन वाट काढायची असेल तर

तुकडेबंदी कायद्यामुळे दोन-चार गुंठ्यांचे खरेदीखत होत नाही, असे सांगून लोक परत पाठवले जातात. पण २०२४ मधल्या सुधारित नियमांनी शेतरस्त्यासाठी, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने, अशी पट्टी घेता येते. ती लगतच्या जमीनधारकांनाही वापरण्यासाठी खुली राहते. विकत घेतली म्हणून फक्त आपल्यापुरते फाटक लावण्याचा विचार करू नका.

बीडमध्ये देवस्थान इनाम, सीलिंग आणि इतर भोगवटादार वर्ग-२ च्या जमिनी बऱ्याच आहेत. अशा जमिनीतून वाट घ्यायची असेल तर ताबेदाराच्या संमतीपत्रावर थांबू नका. आधी तहसील कार्यालयात लेखी विचारा आणि परवानगी लागत असेल तर ती घ्या.

वाट गावनकाशावर असेल तर

इथे सर्वाधिक गैरसमज आहे. नकाशावरची पायवाट तुमच्या गटातून जात असली तरी ती मिटवण्याचा अधिकार तुम्हाला नाही, शेजाऱ्यांच्या संमतीनेही नाही. सरपंचांना नाही आणि ग्रामसभेच्या ठरावालाही नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० प्रमाणे कोणा व्यक्तीच्या मालकीचे नसलेले सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, वाटा शासनाच्या मालकीचे आहेत.

मार्ग आहे तो कलम २१ चा. शासनाच्या मालकीची एखादी सार्वजनिक वाट लोकांच्या वापरासाठी आवश्यक राहिली नाही असे दिसले, तर जिल्हाधिकारी अधिसूचना काढून, हरकती मागवून, त्या ऐकून त्या वाटेवरचे लोकांचे हक्क संपुष्टात आणू शकतात. ज्यांचा हक्क जातो त्यांच्या भरपाईचीही सोय त्यात आहे. राष्ट्रीय व राज्य महामार्ग आणि स्थानिक संस्थेकडे निहित असलेले रस्ते यात येत नाहीत. ग्रामपंचायतीच्या किंवा जिल्हा परिषदेच्या नोंदवहीत रस्ता असेल तर आधी तिथे जा.

व्यवहारात अर्ज असा बांधा :

- नवी वाट आधी तयार करा आणि ती ग्रामपंचायतीच्या नावे नोंदणीकृत बक्षीसपत्राने द्या.
- ग्रामसभेचा ठराव घ्या. तो अधिकार देत नाही, पण गावाची गरज कोणत्या वाटेने भागते याचा तो चांगला पुरावा आहे.
- ग्राम महसूल अधिकारी आणि मंडळ अधिकारी यांच्याकडून दोन्ही वाटांचा पंचनामा करून घ्या. पंचनाम्यात अंतर लिहायला लावा : जुनी वाट किती, नवी किती, फेरा किती वाढला.
- मग तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा.

फेरा थोडा वाढला तर लोक समजून घेतात. पण वाट स्मशानाकडे, पाण्याकडे, तांड्याकडे किंवा शाळेकडे जाणारी असेल तर वाढलेल्या अंतराला मोठे वजन येते आणि यावेच. तांड्यावरची किंवा दलित वस्तीची वाट जातीच्या कारणाने अडवली जात असेल तर तो नुसता महसुली वाद राहत नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तो गुन्हा आहे आणि तक्रार थेट पोलिसांत करायची असते.

शेजारी ऐकतच नाही : कलम १४३

शेतात जायला रस्ताच नाही, किंवा जुना बंद झाला आणि बांधावरून नवा हवा आहे, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. या कलमाखाली रस्ता दुसऱ्याच्या शेताच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून मिळतो; शेताच्या मधून मागता येत नाही. निर्णय देताना शेतकऱ्याला आपल्या शेतापर्यंत वाजवी वाट मिळण्याची गरज लक्षात घेणे तहसीलदारांवर बंधनकारक आहे. अर्ज करणारा जमीनधारक असावा लागतो. म्हणून नुसत्या वस्तीसाठीची वाट या कलमाखाली मागू नका.

अर्जासोबत जोडा :

- तुमच्या आणि ज्यांच्या बांधावरून वाट हवी त्या सगळ्या गटांचे चालू सातबारे
- कच्चा नकाशा, त्यात हवी असलेली वाट वेगळ्या रंगात
- लगतच्या सर्व खातेदारांची नावे आणि पूर्ण पत्ते
- शेताला दुसरा रस्ता आहे का, असेल तर तो का पुरत नाही
- मोजणी झाली असेल तर 'क' प्रत

पत्ते चुकीचे दिले की नोटीस बजावली जात नाही आणि तारखा पडत राहतात. अर्ज लांबण्याची बहुतेक वेळा हीच कारणे असतात : चुकीचे पत्ते, मयताच्या नावाने दिलेली नोटीस, एखादा सहहिस्सेदार सुटणे.

स्थळपाहणीच्या दिवशी स्वतः हजर राहा. पंचनाम्यात तुमचे म्हणणे आले का, हे सही करण्याआधी वाचून घ्या. वाचता येत नसेल तर दोन माणसांसमोर वाचून दाखवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे.

निर्णय मान्य नसेल तर दोन दारे आहेत. उपविभागीय अधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील, किंवा एका वर्षात दिवाणी दावा. दिवाणी दावा दाखल केला की महसुली अपिलाचे दार बंद होते. म्हणून वकिलाशी बोलून एकच निवडा.

असलेली वाट अडवली : इथे सहा महिन्यांची मुदत आहे

बीडच्या वाचकांनी हा भाग सर्वात काळजीपूर्वक वाचावा.

वाट होती, वापरात होती आणि कोणी ती नांगरली, चर खोदला, काटे टाकले, तार लावली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. तहसीलदार अडथळा दूर करण्याचा आणि पुन्हा न करण्याचा मनाई हुकूम देऊ शकतात. हा उपाय दिवाणी दाव्यापेक्षा सोपा आणि स्वस्त आहे. पण अडथळा पहिल्यांदा सुरू झाला त्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे.

आता आपल्या जिल्ह्याचे वर्ष डोळ्यांसमोर आणा. दसरा-दिवाळीनंतर कोयते बांधून हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. परततात ती कारखान्याचा पट्टा पडल्यावर, उन्हाळ्यात. कार्तिकात कोणी वाट नांगरली आणि तुम्ही चैत्रात परतलात तर पाच महिने हातचे गेलेले असतात. त्यानंतर गावकीच्या बैठका, 'बघू, मिटवू' म्हणत पेरणी येते आणि मुदत संपते. माघारी आलेल्याला मग हाच सल्ला मिळतो की आता दिवाणीत जा. तिथे वर्षे लागतात आणि दरवर्षी हंगाम पुन्हा येतो.

म्हणून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी निघण्याआधी एवढे करावे :

१. वाटेचे फोटो आणि व्हिडिओ काढून ठेवा. आजूबाजूची ओळखीची झाडे, विहीर, विजेचा खांब दिसला पाहिजे. तारीख दिसणारे ॲप वापरले तर उत्तम.

२. गावात राहणाऱ्या नातेवाइकाला वाटेवर लक्ष ठेवायला सांगा. अडथळा दिसताच त्याने त्याच दिवशी फोटो पाठवावा.

३. त्या नातेवाइकाला मुखत्यारपत्र देऊन ठेवा, म्हणजे तुमच्या वतीने तो दावा दाखल करू शकेल. वकिलाकडून मसुदा करून घेणे चांगले.

४. अडथळा कळला की फडावरून दोन दिवस सुट्टी काढून आलात तरी चालेल. फक्त दावा दाखल करून पोच घ्या. पुढच्या तारखा पुढे बघता येतील.

५. मिटवण्याची बोलणी सुरू असली तरी दावा आधी दाखल करा. मिटले तर तडजोड पुरसीस देता येते. बोलणी चालू होती म्हणून सहा महिन्यांची मुदत थांबत नाही.

दाव्यात अडथळ्याची तारीख स्पष्ट लिहा. "गेल्या काही महिन्यांपासून" असे लिहिलेला दावा मुदतीच्या मुद्द्यावर अडकतो. वाट जुनी असल्याचा पुरावा म्हणून आजूबाजूच्या वृद्ध शेतकऱ्यांची शपथपत्रे, जुन्या खरेदीखतांतला वाटेचा उल्लेख आणि उपग्रह नकाशावर मागच्या वर्षांच्या छायाचित्रांत दिसणारी पट्टी उपयोगी पडते.

हे कलम आणि १४३ यांची गल्लत करू नका. कलम ५ खाली असलेली वाट मोकळी होते, नवी निर्माण होत नाही. एकाच अर्जात "जुना रस्ता मोकळा करून द्या, नाहीतर बांधावरून नवा द्या" असे दोन्ही लिहिले की अर्ज दोन्हीकडे दुबळा होतो. दोन अर्ज वेगवेगळे करा.

कलम ५ च्या आदेशावर अपील नाही. कलम २३ खाली पुनरीक्षण होऊ शकते आणि ते व्यवहारात उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे चालते. दिवाणी न्यायालयाचा मार्ग दोन्ही बाजूंना खुला राहतो.

वाट सर्वांच्या वापराची असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडेही जाता येते. गावठाणातल्या रस्त्यावर अतिक्रमण असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ खाली ते काढण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे.

ज्यांच्या शेतातून वाट जाते, त्यांचेही हक्क आहेत

वाट देणारा शेतकरी खलनायक नाही. दोन एकरांतले पाच गुंठे ज्याचे जातात, त्याच्या ताटातून काहीतरी जाते, हे वापरणाऱ्यांनी विसरू नये. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम २२ प्रमाणे वाट वापरणाऱ्याने ती मालकाला कमीत कमी त्रास होईल अशा रीतीने वापरायची असते. वापरणाऱ्याचे नुकसान न होता वापर शेताच्या एका ठरावीक पट्टीपुरता राहू शकत असेल, तर तसा आग्रह मालक धरू शकतो. पाऊस पडला की चिखल टाळत दरवर्षी नवीन जागेतून जायचे, ट्रॉली उभ्या पिकात वळवायची, असा हक्क कोणालाही नाही.

मालकांनी हेही लक्षात घ्यावे :

- वाट वीस वर्षे उघडपणे, शांतपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता वापरात असेल तर त्याच कायद्याच्या कलम १५ खाली तो हक्क पक्का होतो. तुम्ही परवानगी म्हणून जाऊ देत असाल तर ते लेखी ठेवा.
- जमीन विकताना वाट लपवू नका. खरेदीखतात तिचा उल्लेख करा.
- रोजगार हमीतून किंवा पाणंद रस्त्यांच्या शासकीय योजनेतून (२०२१ ची मातोश्री ग्रामसमृद्धी योजना किंवा तिच्यानंतरच्या योजना) रस्त्याचे काम होणार असेल, तर अशा योजनांत जमिनीचे भूसंपादन होत नाही. मोबदला मिळेल या आशेवर संमती देऊ नका आणि दिलेली संमती काम सुरू झाल्यावर मागे घेऊ नका. मातीकाम झालेला रस्ता पुन्हा हलवणे जवळजवळ अशक्य असते. सरकवायचा असेल तर मोजणीच्या वेळीच बोला.

रेल्वे, महामार्ग आणि धरणाने तोडलेल्या वाटा

अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेमार्ग २६१ किलोमीटरचा आहे. आष्टीपर्यंत गाडी सप्टेंबर २०२२ मध्ये आली, बीडपर्यंत १७ सप्टेंबर २०२५ रोजी. या मार्गाने अनेक शेतकऱ्यांचे रान दोन तुकड्यांत विभागले. घर अलीकडे, विहीर पलीकडे. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १६ प्रमाणे लगतच्या जमीनधारकांच्या वापरात आलेला खंड भरून काढण्यासाठी ओलांडणी, पूल, मोऱ्या अशी कामे रेल्वेने करायची असतात. मात्र तुमच्या जमिनीतून जाणारा मार्ग वाहतुकीला खुला झाल्यापासून दहा वर्षे उलटली की अशा वाढीव कामांचा खर्च करणे रेल्वेवर बंधनकारक राहत नाही. आष्टी तालुक्यातल्या टप्प्यांची ही मुदत बीडच्या आधी संपणार आहे. भूसंपादनाचा मोबदला घेताना रस्त्याची मागणी सोडून दिल्याचे तुमच्याकडून लिहून घेतले आहे का, ते निवाड्याच्या कागदांत तपासा. नसेल तर गावाने एकत्र, गटवार यादी आणि नकाशा जोडून लेखी मागणी आताच करावी. रूळ पायी ओलांडण्याची सवय लावून घेऊ नका. त्यात जीव जातात.

राष्ट्रीय महामार्ग ५२ वर आणि माजलगाव, मांजरा यांसारख्या प्रकल्पांच्या बुडीत क्षेत्रालगत वाटा तुटल्या असतील तर संबंधित प्रकल्प कार्यालयाकडे आणि भूसंपादन अधिकाऱ्यांकडे अर्ज करा. सेवारस्ता, भुयारी मोरी किंवा वळणवाट कुठे हवी, ते गट नंबर देऊन लिहा. काम सुरू असताना हे सोपे असते, डांबर पडल्यावर फार अवघड.

हे करू नका

- आदेश हातात आला म्हणून स्वतः जेसीबी घेऊन वाट उघडायला जाऊ नका. अंमलबजावणी तहसीलदारांकडून, गरज पडली तर पोलीस बंदोबस्तात करून घ्या. बांधावरच्या हाणामारीत जिंकलेला दावाही फौजदारीत अडकतो.
- विहीर, बोअर, घर किंवा फळझाडे यांना नवी वाट अगदी चिकटवून आखू नका.
- बांध कोरून वाट काढू नका. बांधाच्या हद्दीच्या खुणा हलवणे वेगळा वाद ओढवून घेते.
- "साहेबांना भेटतो, नोंद करून देतो" म्हणणाऱ्या मध्यस्थाच्या हाती पैसे देऊ नका. अर्ज स्वतः द्या, पोच घ्या, अर्ज क्रमांक जपून ठेवा.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे मोफत वकील मागता येतो. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातीचे नागरिक यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. दावा चालू असेल आणि दोन्ही बाजू बांधावरच्या वाटेला राजी झाल्या तर लोकअदालतीत तडजोड नोंदवा. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतका बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नसते.

वाट हलवायचीच असेल तर शेजाऱ्याशी बोलणे रान मोकळे असतानाच सुरू करा. पेरणी झाली की मोजणीवाल्यांना साखळी टाकता येत नाही, आणि नव्या वाटेवर कपाशी उभी असताना कोणीही जागा सोडत नाही.